बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी

नवऱ्याचं नाव घ्याची मले आधी सवय नव्हती. आमच्याकडं बाई नवऱ्याले ‘प्रीतीचे बाबा’ म्हणन, ‘आमचे हे’ म्हणन, लयच राग आला तं ‘तो बुढा’ म्हणन. पण प्रार्थनेत नाव घेऊनच मागा लागते, नाई तं देवाले समजन कसं का कोणाची दारू सोडवाची हाये. तवा पहिल्यांदा तोंडातून निघालं. हे प्रभू, गोविंदाची दारू सोडव. सुरुवातीले इतकी लाजली मी का बाजूची बाई हासली. मंग जीभ सरावली.

दर गुरुवारी हुडकेश्वरचे पास्टर विक्रम मोटरसायकलीनं आमच्या गावात येत. मौद्याच्या इकडं, नाल्याच्या काठानं आमचं गाव. शाळेच्या मांगं एका घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, आम्ही पंधरा-वीस जण बसत होतो, जास्ती बायाच. कोणाचा नवरा पेये, कोणाचं लेकरू आजारी. माहा बाप्तिस्मा लवकरच झाला. गोविंदा तवा पेऊन येये अन् सपरीच्या बाहेर उभा राहून शिव्या दे. घरी आल्यावर मारे. एकदा उखळातल्या मुसळानं मारलं, तवापासून माह्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाईत. तरी मी मागत राहिली.

अन् मांगच्या दिवाळीले तो सोताच येऊन बसला. कोणी बोलावलं नाई, कोणी हात धरून आणलं नाई. आला, चप्पल काढली, खाली बसला अन् रडाले लागला. तवापासून थेंब नाई. पहिले पंधरा दिवस अंग थरथरे, रात्रभर घाम ये, ताटातला भात हातातून सांडे. मी भरवला. मंग अंग भरलं त्याचं. सकाळी उठून माह्या आधी चूल पेटवे. प्रीती नववीत हाये माही, ती बापाजवळ बसून अभ्यास कराले लागली. वर्षभर माह्या अंगावर हात पडला नाई. मले वाटलं, झालं, देवानं आयकलं. आता यापुढं देवानं काही करू नोये, इतकंच पुरे हाये.

पण देवाचं तसं नसते.

आता जे सांगते ते सांगाले मले जड जाते, पण सांगतल्याबिगर तुमाले पुढचं समजणार नाई.

धान लोंबीवर आलं का नाल्यातून डुकरं येतात. एका रातीत धानाची अख्खी बांधी झोपवून टाकतात. म्हणून आमच्याकडं करंट लावत. खांबावर आकडा टाकाचा, बाइंडिंगच्या ताराचे दोन पदर बांधीभोवती खुट्यायवरून फिरवाचे, गुडघ्याच्या खाली, अन् दिवस निघाच्या आधी जाऊन काढून घ्याचे. डुक्कर पडलं तं वाटे होत, अन् वाटा घरोघरी जाये. ज्याच्या घरी वाटा गेला तो बोलन कसा? पाटलाच्या घरी जाये, आमच्या बाजूच्या बांधीवाल्या श्रीधरच्या घरी बी जाये. श्रीधरच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, त्याच मटणाले मसाला वाटला हाये.

दोन वर्षाच्या आधीची गोष्ट. गोविंदा त्या राती लय पेला अन् सकाळी उठलाच नाई. मले जाग आली तं फटफटत होतं. तार काढाचा राहिला म्हणून मी त्याले पाणी मारून उठवलं अन् दोघं धावत गेलो. आमच्या बांधीच्या कडेले, धुऱ्यावर, श्रीधर पडला होता. आदल्या सांजी त्याचं बायकोसंग भांडण झालं होतं, न जेवता निघून तो बांधीतच निजला होता, अन् सकाळी पाणी वळवाले आमच्या धुऱ्यावरून आला होता. गोविंदानं बांबूनं आकडा पाडला. मी वाकून पाह्यलं.

जीव होता त्याच्यात. डोळे उघडे होते. घशातून घरघर येऊन राहिली होती अन् उजव्या हाताची बोटं चिखल खरवडून राहिली होती.

गोविंदा म्हणे, बैलबंडी आणतो, मौद्याले नेतो. मी म्हटलं, नेऊन काय सांगाल डाक्टरले? त्यानं हातातला बांबू टाकला. तवा मीच म्हटलं, पाय धरा. त्यानं पाय धरले, मी हात धरले. उचलून आम्ही त्याले त्याच्या सोताच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, गवतात ठेवलं. तार गुंडाळला, खुट्या उपटल्या. घरी येऊन मी चहा मांडला. बाहेर बोंब झाली तवा सगळ्यायसंग आम्ही बी धावलो, अन् तोवर तो गेला होता. नडगीवर दोन काळे ठिपके, बाजूबाजूनं. एका बुढ्यानं पाह्यल्याबरोबर सांगतलं, नाग हाये. गवतात ठेवला होता, दोन ठिपके होते, मंग दुसरं काय असन? चिरफाड कायले करता म्हणे. दुपारच्या आत जाळलं त्याले.

अन् पार्वतीबाईच्या सासूनं छाती बडवून सांगतलं का हिनं माह्या पोराले उपाशी काढलं घरातून. तेच गावानं धरलं. तिचं बिऱ्हाड घरातून गोठ्यात गेलं. कापणीच्या बाया तिच्या डब्यातलं खात नाईत, उपाशी मारणारी म्हणतात तिले, तिच्या मांगं बी अन् कधी तोंडावर बी. मी त्यायच्यात बसून आयकलं हाये. हो म्हटलं नाई कधी. नाई बी म्हटलं नाई.

त्या दिवसात मी प्रार्थनेले जातच होती बरं का. माणूस गवतात ठेवून आली अन् गुरुवारी गुडघे टेकून नवऱ्याची दारू सोडव म्हटलं. त्याच्यात मले काही वावगं वाटलं नाई.

तं आता यंदाची गोष्ट. धान कापाले आलं होतं. इतवारी कन्हान नदीत सात जणांचा बाप्तिस्मा होणार होता, त्यात गोविंदाचं नाव होतं. त्याच्यासाठी मी पांढरा शर्ट धुऊन ठेवला होता. गुरुवारी पास्टरनं सगळ्यायले शिकवलं का पाण्यात उतराच्या आधी आपण कोणाचं वाईट केलं असन तं त्याच्या दारी जाऊन नीट करून या, मंगच देवापुढं या. त्या बिचाऱ्याच्या मनात काय असन? धुऱ्याचे तंटे, सासूसुनाची भांडणं. बाकीचे लोक माना हालवत होते. गोविंदा एकटाच खाली पाहत होता. मी तवाच समजली.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले, ताटावर बसला, पण घास मोडला नाई.

“पार्वतीबाईले सांगतो,” तो म्हणे. “मंग पाण्यात जाईन.”

मी म्हटलं, देवाले सांगा ना, देवानं माफ केलं म्हणजे झालं. तो म्हणे, देवाले तं वर्षभर सांगून राहिलो, देव म्हणते तिले सांग. मी म्हटलं, पास्टरले सांगा, तो समजावन तुमाले. तो म्हणे, पास्टरचा नवरा मेला काय? मी जेलाचं भेव घातलं, पोरीचं नाव घेतलं, उद्या तिच्या शाळेत काय म्हणतीन ते सांगतलं. तो सगळं आयकत होता. त्याचं तोंड असं झालं होतं का जसं याच्या आधी सगळं सोतालेच सांगून झालं हाये.

मंग मी जे खरं होतं ते बोलली. “अन् मी? हात मी धरले होते त्याचे.”

“तुहं नाव घेत नाई,” तो म्हणे. “तो जागीच मेला होता म्हणीन. एकट्यानंच उचलला म्हणीन.”

इतका देवभोळा झाला होता, पण माह्यासाठी तेवढं खोटं बोलाले तयार होता. मले बरं वाटाले पाह्यजे होतं. मले राग आला, असा राग का त्याच्या ताटातला भात मी उचलून कोंबड्यायले टाकला. अरे, मले दारू सोडवणारा देव पाह्यजे होता. हा तं माहं घर सोडवाले निघाला. एकट्यानं उचलला म्हटल्यावर पोलीस काय मानतीन? दोन चापटा मारल्या का हा सगळं ओकून टाकन. तो वरडून सांगन का घरघर चालू होती अन् माही बायको म्हणे पाय धरा.

ठरलं असं का शनिवारी सांजी तो तिच्याकडं जाईन. पार्वतीबाई दिवसभर लोकायच्या बांधीत कापाले जाये, घरी सांजीच सापडे. म्हणजे माह्या हाती शनिवारचा दिवस होता.

प्रीतीले मी शाळेतून परस्पर मामाकडं मौद्याले धाडलं. सकाळी गोविंदा इळा घेऊन पुढं गेला. मी पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेतला अन् बांधीत न जाता पलीकडच्या टोल्यावर, वस्तीत, रुखमाबाईकडं गेली. रुखमाबाई मोहाची दारू काढते. तिच्या अंगणात मी नवऱ्याले शोधाले शंभरदा गेली असन, घ्याले कधी गेली नव्हती. ती पाहतच राह्यली. “तुह्या नवऱ्यानं सोडली ना वं? तुम्ही तं हालेलुयावाले.” मी म्हटलं, पाहुणे हायेत कापाले. तिनं कॅन भरला. बाहेरून मी ओलं पोतं गुंडाळलं, जसं पाण्याच्या कॅनले गुंडाळतो तसंच. दुसरं पाणी घेतलं नाई.

बांधीत आम्ही दोघंच होतो. शनिवारचं ऊन कार्तिकातलं, पण धानात वारा लागत नाई, अन् वाकून वाकून माणूस आतून सुकते. गोविंदा दोन माणसाचं काम करून राह्यला होता. इळा बुडाशी लावला का एका ओढीत मूठ हाती. शर्ट पाठीले चिकटला, मानेवर मीठ चढलं. दोनदा त्यानं पाणी मागतलं. मी म्हटलं, ही ओळ होऊ द्या, जेवतानीच प्या. तो बरं म्हणे अन् वाकला. वर्षभरात असा झाला होता तो, बरं म्हणणारा.

सूर्य डोक्यावर आला तवा आम्ही धुऱ्यावर बसलो. मी भात अन् कांदा काढला. त्यानं डोळे मिटून आभार मानले. मंग कॅन उचलला, तोंड वर केलं अन् वरून धार सोडली. तहानलेला माणूस वास घेत नाई. तीन घोट गेले तवा त्याले ठसका लागला.

मी वर पाह्यलं नाई. कांदा फोडत होती.

“पाणी दे,” तो म्हणे.

“हेच हाये.”

“प्रीतीची माय, पाणी दे मले.”

“हेच हाये,” मी म्हटलं.

शंभर पावलावर नाला होता, नाल्याले पाणी होतं. तो उठला. चार पावलं गेला. नाल्याच्या त्याच काठी आम्ही श्रीधरले ठेवलं होतं, तिथं अजून गवत उंच येते. तो उभा राह्यला, किती तरी वेळ उभा राह्यला, मंग परत येऊन बसला. माह्याकडं पाह्यलं त्यानं. शिवी देली असती तं बरं झालं असतं. कॅन फेकून मारला असता तरी चाललं असतं. त्यानं कॅन उचलला अन् पेला. मंग तोंड पुसून पुन्हा पेला. मी सांडशीत धरल्यावाणी घट्ट बसून होती, हालली नाई, अन् मनात म्हणत होती, पे, आणखी पे, पडून राहा इथंच सांजपर्यंत.

पडला तो. धानाच्या पेंढ्यायवर तोंड उघडं टाकून निजला. मी एकटीनं बाकीची ओळ कापली. मले वाटलं, जमलं.

दिवस बुडता बुडता पेंढ्या बांधून मी मान वर केली तं तो जागेवर नव्हता.

मी धावत गेली. पार्वतीबाईच्या गोठ्यापुढं गाव जमलं होतं. गोविंदा तिच्या उंबऱ्यापाशी गुडघ्यावर होता, अन् बोलून राह्यला होता. सगळं बोलत होता. आकडा, तार, खुट्या, बांबू, गवत. जीभ जड झाली होती, पण एक गोष्ट सोडत नव्हता. “जागीच मेला होता. मी एकट्यानं उचलला. एकट्यानं.” इतकी चढली असूनबी माहं नाव त्यानं घेतलं नाई. पार्वतीबाई हातात कापडाचं गठुडं धरून उभी होती, कामावरून आताच आली होती. लोक हासून राह्यले होते. कोणी म्हणे, प्रभूचं मेंढरू आज भरकटलं. कोणी म्हणे, उद्या कन्हानीत बुडवा याले, नशा उतरन. मंग त्याले उलटी झाली, तिच्या उंबऱ्यावरच, अन् सासू धावून आली. तिनं खराट्यानं त्याले तोंडावर, डोक्यावर मारलं. तो मार खात होता अन् म्हणत होता, मार माय, मार.

रुपराव आमचा पोलीस पाटील. हासत हासतच त्यानं मले पुढं बोलावलं अन् इचारलं का बाई, काय म्हणते हा तुहा नवरा. पार्वतीबाईनं माह्याकडं पाह्यलं.

“पेला का असंच बोलते,” मी म्हटलं. “मांगं म्हणे मीच गांधीबाबाले मारलं.”

गाव खदखदून हासलं. दोघायनं त्याले बगलेत धरून घरी आणून टाकलं. पास्टरले कोणी तरी फोन केला. त्यायचा मले फोन आला, लय मवाळ आवाजात बोलले का ताई, तुमी धीर सोडू नका, गोविंदाभाऊचं नाव यावेळी मांगं ठेवू, तुमच्यासाठी आम्ही उपास करू. मी आभार मानले.

इतवारी सहा जण कन्हानीत उतरले. गोविंदा दिवस निघाल्याबरोबर उठला, डोकं धुतलं, धुतलेला पांढरा शर्ट घातला अन् रुपरावच्या घरी गेला. शुद्धीत होता, मी सांगते ना, पुरा शुद्धीत होता. रुपरावनं त्याचं तोंड हुंगलं अन् म्हणे, कालची उतरली नाई अजून, घरी जाऊन निज. गोविंदानं पाय धरले. रुपरावच्या घरच्या लेकरायनं त्याच्या शर्टाले मांगून शेण लावलं. मौद्याच्या ठाण्यात जातो म्हणे तं रुपराव म्हणे, जा, पण ते बायकोलेच इचारतीन, तुही बायको तं नाई म्हणते. गोविंदा घरी आला. शर्ट काढून खुटीले टांगला.

“तू हो म्हणत नाई,” तो म्हणे, “तोवर माहं कोणी आयकत नाई.”

मी भाकर थापत होती. मी म्हटलं, मंग नका सांगू.

कॅनात अजून दारू उरली होती. ती तो सोताच काढून पेला. सांजी माह्या पाठीत लाथ घातली, दोन वेळा. मी चुलीपाशी तोंडावर पडली. अन् खरं सांगते, मले बरं वाटलं. हे दुखणं माहं ओळखीचं होतं.

सोमवारी तो उठला नाई. आमचं अर्धं धान उभं होतं अन् आभाळ भरून येऊन राह्यलं होतं. मी एकटी बांधीत गेली तं थोड्या वेळानं पार्वतीबाई धुऱ्यावरून येताना दिसली. मी काही तिले बोलावलं नव्हतं. तिनं लुगड्याचा काष्टा खोवला, इळा काढला, पण वाकली नाई. माह्यापुढं येऊन उभी राह्यली.

“एकच इचारते वं,” ती म्हणे. “कोणाले सांगणार नाई, पोलिसात जाणार नाई. मले आता त्याचं काय करा लागते.”

मी कापत राह्यली.

“साप चावला तं माणूस लवकर जात नाई. घंटा घंटा पडून राह्यते. मी त्या राती रागानं दार लावून निजली होती. त्यानं मले हाका मारल्या असतीन. दोन वर्षं झाली, मले त्या हाका आयकू येतात.” तिचा आवाज अगदी साधा होता, जसं मीठ मागाले आली. “तुहा नवरा म्हणे, करंट लागला अन् जागीच गेला. एका झटक्यात. तसं असन तं मी निजू शकते. तू निस्तं हो म्हण. दुसरं काही नोको सांगू.”

मी उभी झाली. तिचं तोंड मी दोन वर्षात इतक्या जवळून पाह्यलं नव्हतं. डोळ्याखाली कातडी काळी पडली होती, ओठ फाटले होते. तिले पाह्यजे होतं ते बी काही खरं नव्हतं. तो जागीच गेला नव्हता, मले माहीत हाये. पण हो म्हणाले मले काय लागत होतं? एक शब्द. दातापर्यंत आला होता तो. मंग मले वाटलं, ही आज निजन अन् उद्या उठन. उठल्यावर हिले आठवन का तार कोणाचा होता. उद्या इचारन, मंग त्याचा हात कोणी धरला, पाय कोणी धरला.

“सापच होता बाई,” मी म्हटलं. “पेलेल्या माणसाचं काय धरतं.”

ती “बरं,” म्हणे. अन् माह्या बाजूच्या ओळीत जाऊन वाकली.

दिवसभर ती पाणी प्याले बी उठली नाई. तिचा इळा माह्या कानापाशी चालत होता. माही पाठ लाथेनं धरली होती, बोटायत मूठ बसत नव्हती, मी मांगं पडत गेली. चार वाजता तिची ओळ संपली. मले वाटलं, जाईन आता घरी. पण कापणीत एखादी मांगं राह्यली का दुसरीनं तिची ओळ समोरून धराची, अशी आमच्याकडं रीत हाये. ती माह्या ओळीच्या पलीकडच्या टोकाले गेली अन् तिकडून माह्याकडं तोंड करून कापत आली. मी मान वर केली नाई. आम्ही समोरासमोर आलो तवा मधात चार मुठी धान उभं होतं. तेबी तिनंच कापलं.